एका ‘हो’चा इतिहास
विद्यापीठांचे लघुसंदेश आणि संमतीचे नियम

प्रवेश अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्या खाली मोबाईल क्रमांकाचा एक रकाना असतो. विद्यार्थी किंवा पालक तो भरतात आणि विसरून जातात. पूर्वी तो क्रमांक कार्यालयातल्या रजिस्टरमध्ये पडून राही. मूल आजारी पडले तर कारकून तो शोधून घरी कळवत असे. आज तोच क्रमांक संगणकात जातो. एक कळ दाबली की वीस हजार जणांना एकाच वेळी निरोप पोहोचतो. निरोप परीक्षेच्या तारखेचा असू शकतो, आग लागल्याचा असू शकतो, एखाद्या नव्या अभ्यासक्रमाच्या जाहिरातीचाही असू शकतो. मग प्रश्न असा, की रकाना भरताना त्या माणसाने नेमक्या कशाला ‘हो’ म्हटले होते?

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर कायदेशीर ऊहापोह अमेरिकेत झाला. गेल्या पस्तीस वर्षांत तिथली संसद, दळणवळण आयोग, न्यायालये आणि विद्यापीठे यांनी मिळून याची उत्तरे शोधली, बदलली, काही खोडूनही टाकली. त्या इतिहासात तंत्रज्ञान, कायदा आणि माणसांचे जीव हे तिन्ही धागे गुंतलेले आहेत. म्हणून तो आम्ही येथे थोडा विस्ताराने सांगत आहोत.

यंत्र फोन करू लागले

गोष्ट सुरू होते ती लघुसंदेश जन्मण्याच्या आधी. १९८०च्या दशकात अमेरिकेत आपोआप क्रमांक फिरवणारी यंत्रे स्वस्त झाली. ही यंत्रे दोन प्रकारे क्रमांक तयार करीत. एक, कोणताही क्रमांक यदृच्छेने निवडून. दुसरी, ओळीने, म्हणजे ४००१, ४००२, ४००३ असे. क्रमांक कोणाचा आहे हे यंत्राला माहीत नसे आणि माहीत असण्याची गरजही नसे. पलीकडून कोणी उचलले की ध्वनिमुद्रित जाहिरात सुरू होई.

ओळीने क्रमांक फिरवण्यातला धोका विज्ञानाच्या शिक्षकांच्या चटकन लक्षात येईल. रुग्णालय, पोलीस ठाणे किंवा मोठे कार्यालय यांना दूरध्वनी केंद्राकडून पुष्कळदा लागोपाठचे क्रमांक दिलेले असतात. यंत्र त्या पट्ट्यात शिरले की एकामागून एक सगळ्या ओळी अडकत जात. त्यातच काही यंत्रे, ऐकणाऱ्याने फोन खाली ठेवला तरी ओळ सोडत नसत. म्हणजे जाहिरात चालू असताना त्या माणसाला रुग्णवाहिकेला फोन करायचा असेल तर तो करता येत नसे.

यावर अमेरिकी संसदेने ‘दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायदा’ केला. २० डिसेंबर १९९१ रोजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज हे त्याचे मुख्य पुरस्कर्ते. कायद्याच्या प्रास्ताविकातच आकडे दिले आहेत : तीन लाखांहून अधिक विक्रेते रोज एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक अमेरिकी लोकांना फोन करतात, असे संसदेने नोंदवले.

कायद्याचा गाभा सोपा होता. आपोआप क्रमांक फिरवणाऱ्या यंत्राने किंवा ध्वनिमुद्रित आवाजाने आपत्कालीन सेवांचे क्रमांक, रुग्णालयातील रुग्णांच्या खोल्या, पेजर आणि मोबाईल यांना कॉल करायचा नाही. याला अपवाद दोनच. एक म्हणजे आणीबाणी, आणि दुसरा म्हणजे ज्याला कॉल करायचा त्याची स्पष्ट पूर्वसंमती. ध्वनिमुद्रित कॉल करणाऱ्या यंत्रांनी, समोरच्याने फोन ठेवल्याचे कळल्यावर पाच सेकंदांच्या आत ओळ मोकळी करावी, अशी तरतूदही केली गेली.

मोबाईल या यादीत का आला हेही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत त्या काळी येणाऱ्या कॉलचेही पैसे मोबाईलधारकाला पडत. जाहिरात दुसऱ्याची आणि बिल आपले, हा प्रकार अन्यायाचा होता. आपल्याकडेही ३१ जुलै १९९५ रोजी मोबाईल सेवा सुरू झाली तेव्हा येणाऱ्या कॉलला पैसे पडत. २००३ पासून ते बंद झाले. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना ‘मिस्ड कॉल’ची युक्ती आठवत असेल.

नियम मोडल्यास शिक्षा काय? प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून मोडल्यास १५०० डॉलरपर्यंत. एका कॉलला ही रक्कम किरकोळ वाटते. पण दहा हजार जणांना एकदम निरोप पाठवणाऱ्या संस्थेने हिशेब मांडावा : ५०० गुणिले १०,००० म्हणजे पन्नास लाख डॉलर. पुढे विद्यापीठांच्या कायदा सल्लागारांची झोप उडाली ती या गुणाकाराने.

१४० अष्टकांची चिठ्ठी

कायदा झाला त्या वेळी लघुसंदेश अस्तित्वात नव्हता. १९८४ मध्ये जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि फ्रान्सचे बर्नार्ड गिलेबार्ट यांनी त्याची कल्पना मांडली. मोबाईल जाळ्यात संभाषणाच्या मार्गिकांखेरीज एक नियंत्रण मार्गिका असते. कोणता फोन कुठे आहे, कोणाला कॉल आला आहे, असे जाळ्याचे आपसातले निरोप तिच्यावरून जातात. ती पुष्कळ वेळ मोकळी असते. त्या मोकळ्या जागेत लोकांच्या छोट्या चिठ्ठ्या घालाव्यात, अशी ही कल्पना होती.

जागा थोडी असल्याने चिठ्ठी १४० अष्टकांत, म्हणजे ११२० बिटांत बसवावी लागली. रोमन लिपीतल्या एका अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून ११२० भागिले ७ म्हणजे १६० अक्षरे. देवनागरीसाठी मात्र एका चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हेच मावतात. त्यातही काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो दहा चिन्हांचा आहे. वर्गात हे मोजून पाहता येईल.

३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश व्होडाफोन कंपनीतील एका अधिकाऱ्याच्या फोनवर पाठवला. गंमत म्हणजे त्या फोनवरून उत्तर पाठवण्याची सोयच नव्हती. पहिला लघुसंदेश यंत्राकडून माणसाकडे गेला आणि माणसाला ‘नको’ म्हणता येत नव्हते. आपल्या विषयाची सगळी अडचण त्या पहिल्या चिठ्ठीतच होती असे म्हणावे लागेल.

चिठ्ठी म्हणजे कॉल का?

१९९१च्या कायद्यात ‘कॉल’ हा शब्द आहे. लघुसंदेश म्हणजे कॉल का? २००३ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ‘होय’ असे उत्तर दिले. न्यायालयासमोर हा प्रश्न एका विचित्र प्रकरणातून आला. एका बाईंनी आपल्या लहान मुलासाठी मोबाईलवर फुकट रिंगटोन घेतला. त्या वेळी भरलेल्या अर्जात, त्या कंपनीने आणि तिच्या संलग्न कंपन्यांनी जाहिराती पाठवण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. पुढे २००६ मध्ये त्या फोनवर सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेकडून स्टीफन किंग यांच्या भयकादंबरीची जाहिरात आली. मजकूर भीतिदायक होता आणि फोन मुलाच्या हातात होता.

२००९ मध्ये अपील न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. लघुसंदेश हा कायद्याच्या अर्थाने कॉलच आहे. आणि रिंगटोनवाल्या कंपनीला दिलेली संमती ही प्रकाशनसंस्थेला दिलेली संमती होत नाही. दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. संमती ही चलनी नोटेसारखी नसते; एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणून ती चालत नाही. ज्याला दिली त्यालाच आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी ती लागू पडते. वैज्ञानिक संशोधनात हे तत्त्व आम्हाला परिचित आहे. एका चाचणीसाठी दिलेला रक्ताचा नमुना दुसऱ्याच अभ्यासासाठी वापरायचा असेल तर पुन्हा विचारावे लागते. दूरध्वनीच्या कायद्याने वेगळ्या वाटेने जाऊन हाच मुक्काम गाठला.

ऑक्टोबर २०१३ पासून नियम आणखी कडक झाले. यंत्राने जाहिरातीचा निरोप पाठवायचा तर लेखी संमती हवी, आणि ती संमती ही वस्तू विकत घेण्याची अट असता कामा नये. माहितीपर निरोपांना मात्र साधी स्पष्ट संमती पुरे, मग ती तोंडी असली तरी चालते. त्यामुळे निरोप माहितीचा की जाहिरातीचा, हा भेद महत्त्वाचा ठरला. ‘उद्या फी भरण्याची शेवटची तारीख आहे’ हा निरोप माहितीचा. ‘आमच्या उन्हाळी वर्गाला प्रवेश घ्या, सवलत मिळेल’ हा निरोप कशात घालायचा? विद्यापीठांना प्रत्येक मजकूर पाठवण्यापूर्वी हा विचार करावा लागू लागला.

ब्लॅक्सबर्गची सकाळ

येथवर बाजू एकच दिसते : नको असलेला निरोप म्हणजे त्रास. पण वेळेवर न आलेला निरोप माणसाचा जीवही घेऊ शकतो. हे जगाला दिसले १६ एप्रिल २००७ रोजी.

त्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. विद्यापीठाने सर्वांना ई-मेल पाठवली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाऊण तासही उलटला नव्हता, तोच नॉरिस हॉल या इमारतीत त्याच बंदूकधाऱ्याने वर्गावर्गांत शिरून आणखी तीस जणांना ठार केले. एकूण ३२ जण मरण पावले. त्यांत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे, मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

दोन गोळीबारांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला होता. त्या दोन तासांत विद्यार्थ्यांच्या खिशातले फोन गप्प होते. राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशी समितीने सूचना देण्यातील विलंबावर ठपका ठेवला. त्यानंतर त्या विद्यापीठात आणि देशभरच्या विद्यापीठांत लघुसंदेशाने इशारा देण्याच्या यंत्रणा बसवल्या गेल्या. विद्यापीठांतील गुन्ह्यांची माहिती जाहीर करण्याविषयीचा ‘क्लेरी कायदा’ १९९० पासून होताच. २००८ मध्ये त्यात भर पडली. परिसरात जीविताला तातडीचा धोका असल्याची खात्री पटताच विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना ताबडतोब कळवणे आणि या यंत्रणेची वर्षातून एकदा तरी चाचणी घेणे बंधनकारक झाले.

आता एकीकडे ‘विचारल्याशिवाय संदेश पाठवू नका’ आणि दुसरीकडे ‘ताबडतोब कळवा’ असे दोन कायदे समोरासमोर उभे राहिले. खरे तर १९९१च्या कायद्यातच आणीबाणीचा अपवाद होता. तरी अनेक विद्यापीठांनी सुरुवातीला सावध मार्ग धरला : ज्याला इशारे हवे असतील त्याने स्वतः नोंदणी करावी. अशा ऐच्छिक नोंदणीत पुष्कळ विद्यार्थी बाहेर राहत. ते नकार देत होते असे नव्हे, तर ते काम राहून जात होते. मग पद्धत उलटी करण्यात आली. इशाऱ्यांच्या यादीत सर्वांची नावे आधीच घालायची आणि ज्याला नको असेल त्याने काढून घ्यायची. आणीबाणीसाठी ही पद्धत योग्य वाटते. जाहिरातीसाठी तीच पद्धत वापरली तर ती संमतीची थट्टा होईल. पद्धत कोणती वापरावी हे निरोपाच्या प्रयोजनावरून ठरते, ते असे.

जाळ्याला किती पेलते?

कायद्याचा गुंता सुटला तरी भौतिक मर्यादा उरतेच. विद्यापीठाने पाठवलेला निरोप आधी मध्यस्थ कंपनीकडे, तिथून मोबाईल कंपनीच्या संदेशकेंद्राकडे आणि मग मनोऱ्यावरून फोनकडे जातो. प्रत्येक फोनसाठी ही क्रिया स्वतंत्रपणे होते. हजारो विद्यार्थी एकाच परिसरात, दोन-चार मनोऱ्यांच्या छायेत असतील तर नियंत्रण मार्गिका तुंबते. कॉल जोडण्याचे कामही त्याच मार्गिकेवरून होत असल्याने, संदेशांच्या लोंढ्यामुळे मदतीसाठी केलेले कॉलही अडू शकतात. जॉर्जिया टेक विद्यापीठातील संगणक शास्त्रज्ञ पॅट्रिक ट्रेनर यांनी २००८ मध्ये हे गणित मांडून दाखवले आणि अशा यंत्रणा काही मिनिटांत सर्वांना इशारा देऊ शकतील या समजाला धक्का दिला.

यावर दुसरा तांत्रिक मार्ग आहे, तो म्हणजे मनोऱ्यावरून प्रक्षेपण. यात एकेका फोनला निरोप न पाठवता मनोरा आकाशवाणीप्रमाणे एकच निरोप उच्चारतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन तो ऐकतात. दहा फोन असोत की दहा हजार, जाळ्यावरचा भार तितकाच. अमेरिकेत २०१२ पासून सरकारी इशारे असे दिले जातात. आपल्याकडे २०२३ मध्ये अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले आणि पडद्यावर चाचणीचा निरोप आला, तोही याच पद्धतीचा होता.

यात संमतीच्या दृष्टीने एक सुंदर गोष्ट आहे. प्रक्षेपणासाठी कोणाचाही क्रमांक माहीत असावा लागत नाही. यादी नाही, म्हणून यादीचा गैरवापर नाही. काही वेळा खासगीपणाचे रक्षण नियमापेक्षा तंत्राच्या निवडीनेच अधिक चांगले होते, याचे हे उदाहरण आहे.

शाळांना मिळालेले उत्तर

आणीबाणी कशाला म्हणायचे आणि क्रमांक देणे म्हणजे संमती का, हे दोन प्रश्न अजून बाकी होते. शाळा-विद्यापीठांना निरोप पाठवण्याची सेवा देणाऱ्या ब्लॅकबोर्ड या कंपनीने २०१५ मध्ये आयोगाकडे अर्ज केला. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने उत्तर दिले. शिक्षकांनी ते नीट पाहावे असे आहे.

आयोगाने शैक्षणिक संस्थांच्या निरोपांचे जणू तीन डबे केले. पहिला डबा आणीबाणीचा : हवामानामुळे शाळा बंद, आग, विषारी पदार्थाची गळती, धोकादायक व्यक्तीचा वावर. यांना संमती लागत नाही. या डब्यात आयोगाने विनापरवानगी गैरहजेरीही घातली. मूल घरातून निघाले आणि शाळेत पोहोचले नाही, तर ते पालकांना तत्काळ कळणे हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, हा त्यामागचा विचार. दुसरा डबा संस्थेच्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या निरोपांचा : पालकसभा, शाळेचे कार्यक्रम वगैरे. यांना संमती लागते, पण त्या व्यक्तीने स्वतः संस्थेला आपला क्रमांक दिला असेल तर तीच संमती मानावी. तिसरा डबा राहिलेल्या सगळ्यांचा. संस्थेच्या शैक्षणिक कामाशी ज्यांचा संबंध नाही त्या निरोपांसाठी केवळ अर्जात क्रमांक भरला एवढे पुरत नाही.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे एक समंजस उत्तर आहे. रकाना भरणाऱ्याने ‘हो’ म्हटले होते, पण ते शिक्षणाशी संबंधित कामापुरते.

अडचण तरीही एक उरली. ज्याने ‘हो’ म्हटले तो आणि आज ज्याच्या हातात तो क्रमांक आहे तो, हे दोघे एकच असतील कशावरून? क्रमांक बंद होतात आणि काही दिवसांनी दुसऱ्याला दिले जातात. अमेरिकेत दर वर्षी सुमारे साडेतीन कोटी क्रमांक बंद होतात, असा आयोगाचा अंदाज होता. म्हणजे पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक उद्या एखाद्या आजोबांकडे जाऊ शकतो आणि त्यांना परीक्षेची वेळापत्रके येऊ लागतात. संमती माणसाची असते, क्रमांकाची नसते. यावर उपाय म्हणून पुन्हा वाटलेल्या क्रमांकांची राष्ट्रीय सूची तयार करण्यात आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून ती वापरात आली.

स्वल्पविरामाचा खटला

१ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. फेसबुकचे खातेही नसलेल्या एका माणसाला फेसबुककडून सुरक्षेच्या सूचना येत होत्या. तो क्रमांक बहुधा पूर्वी दुसऱ्या कोणाचा असावा. वाद व्याकरणाचा झाला. क्रमांक ‘साठवणारे किंवा तयार करणारे’ यंत्र अशी कायद्यातली व्याख्या, आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘यदृच्छ किंवा क्रमाने क्रमांक निर्माण करण्याच्या साधनाने’ असे शब्द. ही अट ‘तयार करणे’ या क्रियापदालाच लागू की ‘साठवणे’ यालाही? न्यायालयाने एकमताने सांगितले की दोन्हींना. परिणाम असा, की ठरावीक यादीतल्या क्रमांकांना संदेश पाठवणारी यंत्रणा, म्हणजे बहुतेक विद्यापीठे वापरतात ती, या व्याख्येतून बाहेर पडली. व्याकरण शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

मग संमतीची गरज संपली का? तसे झाले नाही. मोबाईल कंपन्यांनी स्वतःचे नियम केले. संस्थेने आपली आणि आपल्या संदेशांच्या हेतूची नोंदणी करावी, संमती कशी घेतली ते दाखवावे, ‘थांबा’ असे उत्तर आले की संदेश थांबवावेत. नाहीतर संदेश जाळ्यातच अडवले जातील. एप्रिल २०२५ पासून आयोगाच्या नियमाने, कोणत्याही वाजवी रीतीने संमती मागे घेतली तर कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत ती मानणे बंधनकारक झाले. आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आयोगाने लावलेला कायद्याचा अर्थ खालच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही असे म्हटल्यामुळे, ‘लघुसंदेश म्हणजे कॉल का?’ हा २००३ मध्ये मिटलेला वाटलेला प्रश्न काही न्यायालयांत पुन्हा उभा राहिला. इतिहास अजून चालू आहे.

संदेशाने भले होते का?

हे सगळे करण्याइतका संदेशांचा उपयोग तरी आहे का, असे कोणी विचारील. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी याचा प्रयोग केला. अमेरिकेत शाळा संपल्यावर महाविद्यालयात जागा मिळालेली काही गरीब मुले उन्हाळ्याच्या सुट्टीतच गळतात. अर्ज, शुल्क, वसतिगृह यांच्या गुंत्यात ती हरवतात. अशा मुलांना त्या सुट्टीत आठवण देणारे आठ-दहा लघुसंदेश पाठवले. दर विद्यार्थ्यामागे सुमारे सात डॉलर खर्च आला आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच वाढले. पुढे कॅसलमन आणि इतर संशोधकांनी अशाच आठवणींचा प्रयोग आठ लाखांवर विद्यार्थ्यांवर केला तेव्हा मात्र परिणाम जवळजवळ दिसला नाही. ओळखीच्या संस्थेकडून, नेमक्या कामाचा आणि नेमक्या वेळी आलेला संदेश, आणि दुरून सर्वांना आलेला सरसकट संदेश, यांत फरक पडत असावा असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे

भारतात नको असलेल्या कॉलविरुद्धची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. २०१० च्या नियमांनी जाहिराती आणि व्यवहाराचे निरोप वेगळे केले. शैक्षणिक संस्थेने विद्यार्थ्यांच्या पालकांना दिलेली माहिती व्यवहाराच्या निरोपांत धरली गेली. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवता येते. २०१८ च्या नियमांनी संदेश पाठवणाऱ्या संस्थेची आणि मजकुराच्या साच्यांची नोंदणी आवश्यक केली. मार्च २०२१ मध्ये ही गाळणी प्रत्यक्ष लावली तेव्हा नोंदणी न झालेले बँकांचे सांकेतिक क्रमांकही अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. गाळणी बारीक केली की कचऱ्याबरोबर दाणेही अडकतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे, असे तो म्हणतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. म्हणजे हा विषय आता प्रत्येक शाळेच्या दारात आला आहे.

शिक्षकांना यातून काय करता येईल? आपल्या संस्थेचा प्रवेश अर्ज काढून पाहावा. क्रमांक कशासाठी घेतला जातो हे त्यावर एका वाक्यात लिहिले आहे का? आणीबाणी, शाळेचे काम आणि इतर, यांसाठी वेगवेगळे रकाने करता येतील का? शाळा सोडून गेलेल्यांचे क्रमांक यादीतून काढले जातात का? यादी बाहेरच्या शिकवणीवर्गाला किंवा विक्रेत्याला दिली जात नाही ना? हेच प्रश्न वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येतील. त्यांनी आपल्या घरच्या फोनवर आठवडाभरात आलेले संदेश तीन डब्यांत मोजावेत आणि कशाला आपण कधी ‘हो’ म्हटले होते ते घरच्यांना विचारावे.

एक गोष्ट मात्र मोजणीत सहज दिसणार नाही, ती आपणच सांगावी लागेल. दिवसाला दहा निरुपयोगी संदेश आले की माणूस संदेश वाचणे सोडतो, आणि मग अकरावा संदेश आगीचा असला तरी तो वाचला जात नाही. संमतीचे नियम पाळण्याने लोकांचा खासगीपणा जपला जातोच, शिवाय धोक्याच्या वेळी आपला शब्द ऐकला जाईल याचीही तजवीज होते.